दहाव्याचा शब्द

भिमाबाईंच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता.

वडगाव रासाईच्या घाटावर सकाळपासून माणसं जमली होती. महाराजांचं प्रवचन झालं. श्रद्धांजलीची भाषणं झाली. सोसायटीचे चेअरमन बोलले, माजी सरपंच बोलले, आणि पंचायत समितीला उभं राहायच्या तयारीत असलेला एक तरुण भिमाबाईंना आयुष्यात एकदाही न बघता त्यांच्या हातच्या चवीबद्दल बराच वेळ बोलला. मग पिंड मांडला. शेजारी पत्रावळीवर बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, स्टीलच्या पेल्यात गुळाचा चहा. समोरच्या करंजावर कावळे होते, आपसात भांडत होते, पण खाली उतरत नव्हते. भीमेवरून येणारा वारा ऊन चढलं तसा पडला, आणि बायका डोक्यावरचा पदर पुढं ओढून बसल्या.

सारिका पिंडासमोर हात जोडून उभी होती. भिमाबाईंची ती एकुलती मुलगी. वडील ती कॉलेजात असतानाच गेलेले आणि भाऊ नाही, म्हणून आईला अग्नी तिनं दिला होता आणि आज पाणीही तीच देत होती. त्यावरून गावात कुजबुज झाली तेव्हा संपतमामांनी एकदा सगळ्यांकडं नुसतं बघितलं होतं, आणि ती तिथंच थांबली होती. संपतमामा म्हणजे भिमाबाईंचे थोरले भाऊ. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. विकास सोसायटीचे ते जुने संचालक, आणि सोसायटीच्या थकबाकीदारांच्या फळ्यावर आपलं नाव कधी लागलं नाही, हे ते ओळख करून देतानाच सांगायचे.

कावळा येईना तशी ज्याला जे सुचेल ते तो बोलू लागला. कुणी म्हणालं, भिमाचा जीव खानावळीत अडकलाय. सरूबाई नावाच्या म्हातारीनं ठणकावून सांगितलं की जीव लेकीच्या लग्नात अडकलाय, पोरीची पस्तिशी आली. लगेच एका पाहुण्यानं पुढं होऊन भिमाबाईंना शब्द दिला की लेकीचं लगीन आम्ही लावू. कावळ्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. सारिकाला त्या अवस्थेतही थोडं बरं वाटलं.

मग मामा माइक घेऊन तिच्याजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते.

“तिचा जीव त्या कर्जात हाय, सारे,” ते हळू आवाजात म्हणाले. “मला ठावं हाय. बोल एकदा. म्हातारी मानसं उनात बसल्याती.”

सारिका शिरूरच्या एका कॉलेजात कंत्राटी ग्रंथपाल होती. मेलेल्या माणसाची इच्छा कावळ्याला कळते, यावर तिचा विश्वास नव्हता आणि तो नाही हे मामांना माहीत होतं. पण समोर बायका उन्हात बसल्या होत्या, आणि मामांनी माइक तिच्या तोंडापाशी धरला होता. ती म्हणाली, “आई, तुझं देणं आता माझं.”

बाभळीला बांधलेल्या कर्ण्यातून तो शब्द नदीपलीकडं गेला. करंजावरून एक कावळा उतरला, भाकरीचा तुकडा चोचीत धरून उडाला. माणसांनी सुस्कारा सोडला, कपडे झटकले आणि ती जेवायला उठली.

पुढच्याच आठवड्यात विक्रम दौंडला आला.

रेल्वे कॉलनीच्या मागं भिमाबाईंची खानावळ होती. पुढं पत्र्याची शेड, मागं राहायची एक खोली, दोन्ही भाड्याची. सारिका शाळेत होती तेव्हापासून रुळांवर काम करणारी बिहारी पोरं, रेल्वेतले सडेफटिंग कामगार आणि रोज गाडीनं पुण्याला शिकायला जाणारी मुलं इथं जेवायची. भिमाबाईंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि खानावळ आधी एक वेळची झाली, मग बंद पडली. आता मालकाला जागा रिकामी हवी होती, म्हणून सारिका रजा काढून भांडी आवरत होती.

विक्रम दारात बूट काढून आत आला. गळ्यात फायनान्स कंपनीचं ओळखपत्र होतं. तो वसुलीला होता, पण त्याच्या आधी नदीपलीकडच्या गावचा होता. दहाव्याला तो आला होता, पंगतीला बसला होता. त्यानं पाणी मागितलं, भिमाबाईंच्या आठवणीनं थोडा हळहळला, आणि मग कागद काढले. कंपनीनं मोठ्या मनानं विचार केला होता. आईचं कर्ज ताईंच्या नावावर करून घ्यायचं, मागचा दंड माफ, हप्ता अगदी लहान, मुदत सात वर्षं. फक्त सही.

आईचं कर्ज माझ्या नावावर का करायचं, असं सारिकानं विचारलं. विक्रमनं खिशात हात घातला. मोबाईल पुढं केला.

घाटावरचा वारा ऐकू आला, कावळे ऐकू आले, मग तिचा स्वतःचा आवाज. आपला आवाज आईसारखा आहे, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिनं मान वळवली.

“हे कुणी काढलं?”

“लाईव्ह चाललं होतं, ताई. मुंबईच्या पाव्हण्यांना दिसावं म्हणून आप्पांनीच पोरांना सांगितलं होतं.” विक्रमनं मोबाईल खिशात ठेवला. “सगळ्या गावासमोर बोललात. मी काय वेगळं मागत न्हाई. तुमचाच शब्द हाय.”

विचार करते, असं ती म्हणाली. तो कागद मोठ्या फ्रीजवर ठेवून गेला.

पहिलं कर्ज कशाचं, हे सारिकाला माहीत होतं. हा फ्रीज आणि मोठी गॅसची भट्टी घेतली त्याचं. खानावळ चालली तोवर भिमाबाईंनी एक हप्ता चुकवला नाही. दुसरं कर्ज आजारपणातलं. हप्ते थकले तेव्हा कंपनीचा एक मुलगा थेट डायलिसिसच्या खोलीत आला. एका हातात सुया, दुसऱ्या हातात मोबाईल; भिमाबाईंनी त्यावर आलेला नंबर त्या मुलाला वाचून दाखवला आणि नवं कर्ज मंजूर झालं. हे त्यांनी संध्याकाळी सारिकाला कौतुकानं सांगितलं होतं. पोरगं गुणी होतं, मला उठूनसुद्धा बसाय लावलं न्हाई, म्हणाल्या होत्या. ते पैसे सकाळी खात्यात आले आणि पहिल्या कर्जाचे थकलेले हप्ते, दंड, वेगवेगळ्या नावांचे आकार यांत दिवस मावळायच्या आत निघून गेले. जे उरलं त्यात दवाखान्याची रिक्षासुद्धा झाली नसती. पण कर्ज मात्र मागच्यापेक्षा मोठं झालं. पुढं त्याचे हप्तेही थकले, कारण थकण्यावाचून दुसरं काही होणंच शक्य नव्हतं. बाई आठवड्यातून दोनदा यंत्राला लागलेली, चूल बंद, आणि लेकीचा पगार औषधांत जाणारा. हे भिमाबाईंना ठाऊक होतं. हिशेब करणाऱ्या कंपनीला तर त्यांच्याआधी ठाऊक असणार.

फ्रीज पुसताना सारिका या शेवटच्या वाक्यापाशी येऊन थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

दुपारी गिताबाई आली. ती खानावळीत भाकऱ्या थापायची. खानावळ एक वेळची झाली तेव्हापासून तिचा पगार अर्धा मिळायचा, आणि शेवटी शेवटी तोही नाही, तरी ती यायची. भिमाबाई अंथरुणावर असताना त्यांचे पाय चेपून जायची. आजही ती झाडू घेऊनच आली होती. पगाराचा विषय तिनं काढला नाही. तिनं तो कधी काढलाच नव्हता, आणि आता काढायचा कुणापाशी, असाही प्रश्न होता.

दोन दिवसांत सारिकानं फ्रीज आणि भट्टी कुरकुंभच्या एका खानावळवाल्याला विकली. आलेले सगळे पैसे गिताबाईच्या हातात ठेवले. गिताबाईनं ते लगेच घेतले नाहीत.

“कावळ्याला बोललीस म्हणून देती व्हय?”

“न्हाई. तुमचेच हायेत म्हणून.”

गिताबाई थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिली. मग पैसे कमरेच्या पिशवीत टाकले आणि राहिलेला कोपरा झाडून काढला.

ही बातमी मामांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्यांचा फोन आला तेव्हा ते आधी शांत होते. विक्रम त्यांच्या ओट्यावर दोनदा येऊन बसला होता. त्यांनी तिला समजावलं की शब्द म्हणजे काय असतो. आख्ख्या गावानं ऐकलंय. भिमा माहेरच्या घाटावर सुटली, ती त्या शब्दावर सुटली. तो मोडला तर तिचं काय, आणि तिच्या भावाचं काय, ज्यानं माइक धरला होता. मग त्यांचा आवाज चढला. भाकऱ्या थापणाऱ्या बाईला दिलं आणि ज्याचं कायदेशीर येणं आहे त्याला नाही, हा कुठला न्याय, असं त्यांनी विचारलं. सारिकानं सांगितलं की बाईनं काम केलं होतं. मामा म्हणाले, कंपनीनं पैसे दिले होते. सारिका म्हणाली, कंपनीनं कंपनीला दिले होते. त्यावर मामांनी फोन ठेवला.

ती शिरूरला कामावर परत गेली. कॉलेजच्या ग्रंथालयात कायद्याचं एक कपाट होतं. त्याला सहसा कुणी हात लावत नसे. परीक्षेचे दिवस नव्हते. दुपारी वाचनकक्ष रिकामा असायचा. तिनं कराराचा कायदा वाचला, मुदतीचा वाचला, वारसाच्या जबाबदारीचा भाग पुन्हा पुन्हा वाचला. तिला वाचायची सवय होती, आणि दुःखात माणसं जशी देवळात जाऊन बसतात तशी ती लहानपणापासून पुस्तकात जाऊन बसायची. एवढंच की या पुस्तकांत तिला कुणी समजावत नव्हतं. तिथं फक्त लिहिलेलं होतं, की मेलेल्याचं देणं त्यानं मागं ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल करता येतं, वारसाच्या स्वतःच्या कमाईतून नाही. मोबदल्याशिवाय दिलेलं वचन सहसा करार होत नाही. आणि फेडणं अशक्य झालं एवढ्यानंच कर्ज बुडत नाही, हेही लिहिलेलं होतं. ते तिला आवडलं नाही, पण तिनं तेही दोनदा वाचलं. दुसरं कर्ज कसं दिलं गेलं याचे कागद मागणारं पत्र तिनं कंपनीला पाठवलं. उत्तर आलं नाही.

नोटीस आली. दौंडच्या कोर्टात लोकअदालत होती आणि तिथं हजर राहून तडजोड करावी, न केल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी आपली राहील, असं त्यात होतं. नोटिशीवर न्यायालयाचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत होतं की ती न्यायालयानं पाठवली नसून कंपनीनं पाठवली आहे, हे कळायला शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागत होतं.

कोर्टाच्या आवारात मांडव घातला होता. बँका, पतसंस्था, फायनान्स कंपन्या यांची टेबलं ओळीनं लागली होती आणि मांडवाच्या दुसऱ्या अंगाला खुर्च्यांवर नोटीस आलेली माणसं बसली होती. त्यांत बायका जास्त. बऱ्याच जणी सणाची साडी नेसून आल्या होत्या, कोर्टात जायचं म्हणून. सारिकाच्या शेजारी पूनम नावाची एक मुलगी मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. नवऱ्यानं तिच्या नावावर मोटारसायकल आणि टीव्ही घेतला होता आणि तो दोन्ही घेऊन सुरतेला निघून गेला होता. ती सारखी विचारत होती, आत घालत्यात का. सारिकानं सांगितलं, नाही घालत. पूनमचा विश्वास बसला नाही.

मामा आले. पांढरी टोपी, कडक इस्त्री, खिशाला पेन. ते सारिकाशी बोलले नाहीत, पण तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. विक्रमनं त्यांना बोलावलं होतं, साक्षीला म्हणून. आप्पा असले की ताई सही करतील, असा त्याचा अंदाज होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. मामांच्या शेजारी बसल्यावर सारिकाला पहिल्यांदाच वाटलं की करून टाकावी. सात वर्षं काय, निघून जातील. ती बेचाळीसची होईल. आईनं तिच्यासाठी याहून जास्त वर्षं चुलीपुढं काढली होती.

नाव पुकारलं.

टेबलामागं निवृत्त न्यायाधीश बसले होते, शेजारी एक वकीलबाई लिहून घेत होत्या. विक्रमनं सगळं नीट मांडलं. त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. कर्ज घेतलं होतं, ते थकलं होतं, कर्जदार वारल्या होत्या आणि मुलीनं सगळ्यांसमोर देणं स्वीकारलं होतं. त्यानं मोबाईल टेबलावर ठेवला. तोच वारा, तेच कावळे. न्यायाधीशांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि चष्मा काढून पुसला.

“तुमचाच आवाज का?”

“हो,” सारिका म्हणाली. “पण ते मी आईशी बोलले होते. कंपनीशी नाही.”

“सगळं गाव ऐकत व्हतं, साहेब,” विक्रम म्हणाला.

“गाव ऐकत होतं. बोलत मी तिच्याशीच होते. तिचं आणि माझं काय देणं-घेणं आहे ते आम्ही दोघी बघू. त्यात कंपनीनं पडू नये.”

वकीलबाईंचं लिहिणं थांबलं. मामांनी घसा साफ केला.

मग सारिका बोलली. घाई केली नाही. दवाखान्यातल्या कर्जाबद्दल तिनं सांगितलं, ते कुठं गेलं तेही सांगितलं. त्या दिवशी आईपाशी आलेला मुलगा कोण होता, असं तिनं विक्रमला विचारलं. तो बदलून गेला, असं विक्रम म्हणाला. कुठं, ते त्याला माहीत नव्हतं. त्या कर्जाचे कागद मागितले होते, ते आणले का, असं तिनं विचारलं. ते मुख्य कार्यालयात होते.

“फेडणं होणार नाही हे आईला माहीत होतं,” सारिका म्हणाली. “देणाऱ्यालाही माहीत होतं. दोघांनाही माहीत असताना सुया टोचलेल्या बाईकडून कंपनीनं हो म्हणवून घेतलं. याला करार म्हणायचं की नाही, हे मला विचारायचं आहे.”

न्यायाधीश तिच्याकडं बघत होते. “हा प्रश्न या टेबलावरचा नाही,” ते म्हणाले. “मी इथं न्याय द्यायला बसलेलो नाही. तुमचं जमलं तर लिहून घ्यायला बसलोय.”

“मग जिथं द्यायला बसतात तिथं विचारेन.”

विक्रमनं शेवटचा मुद्दा काढला. भिमाबाईंच्या मागं मालमत्ता नव्हती असं नाही. फ्रीज होता, भट्टी होती. ताईंनी ती विकली आणि पैसे कामवाल्या बाईला देऊन टाकले. न्यायाधीशांनी सारिकाला विचारलं, हे खरं का. खरं आहे, ती म्हणाली. त्यांनी शांतपणे समजावलं की तेवढ्यापुरता कंपनी तिच्यावर दावा लावू शकते. ती रक्कम आईची होती आणि सगळ्या घेणेकऱ्यांची तिच्यावर नजर असणार.

“लावू दे,” सारिका म्हणाली. “ते पैसे कुणाला दिले आणि का दिले, ते मी तिथं सांगेन. लपवलेलं नाही.”

“म्हणजे तडजोड नाही?”

“नाही.”

मांडवात कुठंतरी लेकरू रडत होतं. विक्रमनं तिच्याकडं पाठ केली आणि तो मामांकडं वळला. त्याला आता राग आला नव्हता, उलट त्याचा आवाज मऊ झाला होता.

“आप्पा, तुमी तरी बघा. भिमाआक्कांच्या नावाला बट्टा लागंल. गावात काय सांगणार? तुमच्यासारख्याच्या घरचं परकरण असं मिटलं न्हाई म्हणून?”

मामा उठले. टोपी सारखी केली आणि खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. “आन कागद,” ते म्हणाले. “मी करतो. भैन माझी हाय.”

सारिकाला हे अपेक्षित नव्हतं. तिनं बरंच काही वाचून ठेवलं होतं, पण मामांचं पेन कुठल्या पुस्तकात नव्हतं. विक्रमनं चपळाईनं कागद पुढं सरकवला. सारिकानं त्यावर हात ठेवला.

“सर,” ती न्यायाधीशांना म्हणाली, “त्यांना आधी सांगा. सही केली तर काय होतं ते.”

न्यायाधीशांनी मामांना बसायला सांगितलं. मामा बसले नाहीत. तेव्हा उभ्या माणसालाच त्यांनी सांगितलं, की इथं तुम्ही सही केली की हे कर्ज तुमचं. इथला निवाडा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा. त्याच्यावर अपील नाही. उद्या हप्ता चुकला तर जप्ती तुमच्यावर येईल, तुमच्या जमिनीवर येईल. पुन्हा कुणी तुमचं काही ऐकून घेणार नाही.

“जमिनीवर?” मामा म्हणाले.

“जमिनीवर.”

“नदीकडच्या?”

“जी तुमच्या नावावर असेल ती.”

मामांनी कागदाकडं बघितलं. कागदावरच्या सारिकाच्या हाताकडं बघितलं. मग ते विक्रमकडं बघू लागले आणि बराच वेळ बघत राहिले. ज्या माणसानं दोनदा आपल्या ओट्यावर बसून चहा घेतला, त्यानं ही एवढी एक गोष्ट सांगायची कशी टाळली, हे जणू ते त्याच्या चेहऱ्यावर शोधत होते. विक्रम टेबलाच्या कडेकडं बघत होता.

मामांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशाला अडकवलं.

वकीलबाईंनी कागदावर तडजोड नाही असं लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. ते पूनमचं होतं. ती लेकरू कडेवर घेऊन आली तेव्हा सारिका अजून टेबलापाशीच होती. सही न करता जाता येतं का, असं पूनमनं तिला हळूच विचारलं. सगळं ऐकूनही तिला ते पटत नव्हतं. जाता येतं, सारिकानं सांगितलं. मी आत्ता चाललेय, बघ. पूनमनं तिला निघताना बघितलं, मग न्यायाधीशांकडं बघितलं, आणि खुर्ची ओढून घेऊन ती बसली. मला आधी मोटारसायकलीचं विचारायचंय, असं ती बोलताना मागं ऐकू आलं.

आवाराबाहेर चहाची टपरी होती. मामा तिथं थांबले, म्हणून सारिकाही थांबली. त्यांनी दोन चहा सांगितले. रुळांकडून मालगाडीच्या इंजिनाचा भोंगा ऐकू येत होता.

तुमच्या जमिनीचं नाव निघालं तेव्हा, हे वाक्य सारिकाच्या मनात तयार होतं, पण पुरं करायची गरज नव्हती. ते मामांच्या चेहऱ्यावर होतं. महिनाभर ते तिच्याकडं जे मागत होते ते त्यांना त्या टेबलापाशी पहिल्यांदा हातात घेऊन बघायला मिळालं होतं.

“त्यो दावा लावंल,” शेवटी ते म्हणाले.

“लावेल.”

“मंग?”

“मग मी जाईन. तुम्हाला यायचं तर या. साक्षीला न्हाई, नुसतं बसायला.”

मामांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली, पण प्यायले नाहीत.

“गावात लोक म्हंतील, आयला दिल्याला शब्द मोडला.”

“म्हणू देत.”

“मला बी इचारतील.”

“तुम्ही सांगा, मोडला म्हणून. मीही हो म्हणेन.”

मामांनी मान हलवली. त्यांना ते जमणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. ते काहीतरी दुसरं सांगतील, आपल्या पद्धतीनं, थोडं फिरवून. सारिकाची त्याला हरकत नव्हती. मामांनी बशी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि मग अगदी हळू, स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं, “भिमा आसती तर तिनं काय केलं आसतं गं?”

हा प्रश्न सारिकानं ग्रंथालयात रोज दुपारी स्वतःला विचारला होता. उत्तर शोधायला कुठलंच पुस्तक लागलं नव्हतं.

“तिनं सही केली असती,” ती म्हणाली.

मामांच्या ओठांवर काहीतरी हललं. हसू म्हणावं असं नव्हतं. “व्हय,” ते म्हणाले. “उठून उभी ऱ्हाऊन केली आसती. वर त्या पोराला जेवून जा म्हनली आसती.”

“हो.”

“आन् तू न्हाई केलीस.”

“तिनं आयुष्यभर सह्या केल्या, मामा,” सारिका म्हणाली. “आता तिला कुणी करायला लावू शकत नाही. तिच्या नावानं मीही करणार नाही.”

मामांनी खिशात हात घातला आणि चहाचे पैसे टपरीवाल्यापुढं ठेवले. तिनं द्यायला हात पुढं केला होता, तो त्यांनी बाजूला सारला. मग ती शिरूरच्या गाडीत बसेपर्यंत ते रस्त्याच्या कडेला टोपी हातात घेऊन उभे राहिले.